जॉन ग्रीन द्यायचा, पण सुरुवात कुठल्या पुस्तकाने?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी नववीत, चौदा पूर्ण. ‘दिल बेचारा’ पाहिल्यापासून तो ज्या कादंबरीवरून काढलाय ती ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ तिला हवी आहे. मैत्रिणींमध्ये त्याच अमेरिकन लेखकाची, जॉन ग्रीनची, आणखी तीन-चार पुस्तकं फिरतायत. शेजारच्या एका शिक्षिकाबाईंनी तुम्हाला सांगितलं की त्यांत सिगारेटी, दारू, ‘नको ते’ आणि आत्महत्या आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की तिची आजी गेल्या वर्षी कॅन्सरने गेली आणि तेव्हापासून पोरगी तो विषयच काढू देत नाही. मग विचारलंय, ही पुस्तकं या वयाला योग्य आहेत का?

मला विचाराल तर खरा प्रश्न त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्यात आहे. वयाचं काय, चौदाव्या वर्षी मुलं याहून कितीतरी कच्चा माल फोनवर बघत असतात. कुठलं पुस्तक आत्ता द्यायचं, आणि ती ते वाचत असेल तेव्हा तिच्या आसपास कोण असेल, हे ठरवायचंय.

मी एकोणीस वर्षं मुलांची ग्रंथालयं सांभाळतेय. आधी अकरा वर्षं एका शाळेत, आता पुण्यात एका सोसायटीच्या दोन खोल्यांत. दर शनिवारी तेरा ते सतरा वयाच्या मुलांचा वाचनगट बसतो. ग्रीनची पुस्तकं किती हातांतून गेली ते मला त्यांच्या कण्यांवरून कळतं. पण मी समुपदेशक नाही आणि तुमच्या लेकीला ओळखत नाही. त्यामुळे जिथे ‘ते तिच्यावर अवलंबून आहे’ असं म्हणेन, तिथे मी उत्तर टाळतेय असं समजू नका. शिवाय पुढे काही शेवट फुटतील. आईला ते माहीत असायला हवेत, म्हणून फोडतेय.

लेखकाबद्दल थोडं सांगते, त्यावरून पुस्तकं उलगडतात. ग्रीनचा जन्म १९७७चा, इंडियानापोलिसचा. वाढला फ्लोरिडात ऑर्लँडोला, शिकला अलाबामातल्या एका निवासी शाळेत, आणि आता परत इंडियानापोलिसला राहतो. बऱ्याचशा कादंबऱ्याही याच गावांतून फिरतात. कॉलेज संपल्यावर त्याला पाद्री व्हायचं होतं. त्यासाठी ओहायोतल्या कोलंबसच्या मुलांच्या रुग्णालयात तो काही महिने उमेदवारी करत होता. आजारी मुलांपाशी, त्यांच्या आईवडिलांपाशी बसायचं, हे काम. पाद्री झाला नाही, पण तिथली मुलं त्याच्या डोक्यातून गेली नाहीत. पुढे शिकागोत एका ग्रंथपरीक्षणाच्या नियतकालिकात नोकरी करत असताना त्याने पहिली कादंबरी लिहिली. ती २००५मध्ये आली. रुग्णालयातल्या मुलांची गोष्ट मात्र दहाबारा वर्षं जमली नाही. मधल्या काळात एस्थर अर्ल नावाच्या एका मुलीशी त्याची ओळख झाली. तिला थायरॉइडचा कॅन्सर होता, २०१०मध्ये सोळाव्या वर्षी ती गेली. जानेवारी २०१२मध्ये आलेली ‘फॉल्ट’ तिला अर्पण केलेली आहे.

त्याची सगळी पुस्तकं ओळीने वाचली की एक गोष्ट लक्षात येते. दुसऱ्या माणसाचं आपल्या मनात एक चित्र रंगवायचं, मग त्या चित्रावरच जीव लावायचा, आणि खरा माणूस समोर आला की कोसळायचं. हा माणूस पुन्हा पुन्हा हेच लिहितोय. ‘लुकिंग फॉर अलास्का’तला माइल्स अलास्का नावाच्या मुलीचं असं चित्र करतो, ‘पेपर टाउन्स’मधला क्वेंटिन मार्गोचं, ‘फॉल्ट’मधली हेझल एका लेखकाचं. तेरा ते सतरा हे नेमकं हेच करायचं वय असतं, म्हणून ही पुस्तकं मुलांना ‘लागतात’. कॅन्सर, सिगारेट वगैरे नंतरचं.

आता ‘फॉल्ट’कडे येते. माझं स्पष्ट मत: हेच आधी द्या. कारण तिने हे मागितलंय. मुलाने मागितलेलं पुस्तक बाजूला ठेवून ‘त्याऐवजी हे वाच’ म्हणत दुसरं हातात दिलं की ते दुसरंही वाचलं जात नाही, आणि पहिलं चोरून वाचलं जातं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

तुमची भीती मला कळते. हेझल सोळा वर्षांची आहे, थायरॉइडचा कॅन्सर फुप्फुसात उतरलेला. ऑक्सिजनचा सिलिंडर छोट्या गाड्यावर घालून ती बरोबर ओढत नेते, आणि घरी ऑक्सिजन देणारं जे यंत्र आहे त्याचं नाव तिने फिलिप ठेवलंय. तिचा मित्र ऑगस्टस, त्याचा एक पाय हाडाच्या कॅन्सरमुळे गेलाय. वाचणारा समजत असतो की हेझल जाणार, आणि जातो ऑगस्टस. त्याचा शेवटचा काळ ग्रीनने गोड केलेला नाही. पेट्रोलपंपावर मध्यरात्री तो एकटा अडकतो तो प्रसंग माझ्याच्याने अजूनही एका बैठकीत वाचवत नाही. हे सगळं त्यात आहे. पण घरात आजारपण पाहिलेली मुलं या पुस्तकात रडण्यापेक्षा जास्त हसतात, असा माझा अनुभव आहे. फिलिपच्या नावाला ती हमखास हसतात. ‘धीर धर, सगळं ठीक होईल’ असं त्यांना घरी महिनोन्‌महिने ऐकवलेलं असतं, आणि या पुस्तकातली आजारी मुलं तसं म्हणणाऱ्यांची टर उडवत असतात. ती मोकळीक फार मोठी असते.

आणखी एक गोष्ट आईसाठी. हेझल एकदा मरणाच्या दारातून परत आली, तेव्हा तिने आईचं रडणं ऐकलेलं असतं. आता मी आई राहणार नाही, असं आई म्हणते. हेझलच्या मनात ते वाक्य रुतून बसतं. आपण गेल्यावर आईबाबांचं काय, ही तिची खरी धास्ती, स्वतःच्या मरणाहून मोठी. पुढे कळतं की आई गुपचूप समाजकार्याचं शिक्षण घेतेय, आणि लेकीला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीये. हेझलला मात्र ते ऐकून हायसं वाटतं. ती पानं तुम्ही वाचाच. तुमची मुलगी आजीचा विषय का काढू देत नाही, याचं एक उत्तर कदाचित असंही असेल की तिला तुमची काळजी वाटतेय.

माझ्याकडे एक मुलगी होती, वडील आजारी. ‘फॉल्ट’ तिने नेलं आणि दोन दिवसांत न बोलता परत ठेवलं. आठवड्याने पुन्हा नेलं. मग तिसऱ्यांदा. मागच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठीवर माझेच तीन शिक्के एकाखाली एक, तिन्ही तिचे. मी काही विचारलं नाही. तिसऱ्या वेळी परत देताना तीच म्हणाली, “यातली आईपण खोटं हसते.” बस, एवढंच. त्या दिवशी ती नवीन पुस्तक न घेता तासभर खुर्चीवर बसून राहिली.

तेव्हा द्या, पण वेळ बघा. आजीचं वर्षश्राद्ध तोंडावर असेल किंवा सहामाही चालू असेल तर दोन आठवडे थांबल्याने काही बिघडत नाही. मात्र थांबायचं कारण तिला खरं सांगा.

सिनेमा पाहून पुस्तकाकडे येणाऱ्या मुलांना मी एक सावधगिरी देते. ‘दिल बेचारा’ जमशेदपूरला घडतो, मुलं पॅरिसला जातात, आणि ज्याच्या शोधात जातात तो गाणं अर्धवट सोडलेला संगीतकार असतो. पुस्तकात इंडियानापोलिस आहे, अॅमस्टरडॅम आहे, आणि अर्धवट सोडलेली कादंबरी आहे. शिवाय तो सिनेमा जुलै २०२०मध्ये आला तो सुशांतसिंह राजपूत गेल्यावर महिन्याभराने, त्यामुळे प्रेक्षक त्यात वेगळंच दुःख घेऊन बसले होते. पुस्तक त्यामानाने कोरडं आहे, तिरकस बोलणारं आहे. पहिल्या तीस पानांत काही मुलं ‘हे सिनेमासारखं नाहीये’ म्हणून ठेवून देतात. ठेवू द्यावं.

शेजारच्या बाई जे सांगत होत्या ते बहुतेक ‘लुकिंग फॉर अलास्का’बद्दल. ती पहिली कादंबरी. तिला २००६मध्ये अमेरिकेतला किशोरांच्या पुस्तकांसाठीचा प्रिंट्झ पुरस्कार मिळाला, आणि २०१५मध्ये तिथल्या ग्रंथालय संघटनेने काढलेल्या सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांच्या यादीत तीच पहिली होती. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकाच्या. माझ्या शाळेच्या काळात मीही हा अनुभव घेतलाय, आणि त्यात चूक माझीही होती. मुखपृष्ठावरचा पुरस्काराचा गोल शिक्का बघून मी ते न वाचता आठवीतल्या एका मुलाला दिलं. चार दिवसांनी त्याचे वडील एका पानाची झेरॉक्स घेऊन आले, त्यावर पिवळ्या पेनाने रेघा. नेमकं तेच एक पान. ते ‘नको ते’ दृश्य ओशाळवाणं, मजा नसलेलं असं मुद्दाम लिहिलंय आणि लगेच पुढच्या प्रसंगात त्याचं उत्तर आहे, हे मी सांगेपर्यंत मुख्याध्यापकांनी पुस्तक कपाटात घालून कुलूप लावलं होतं. मग दुसरी एक प्रत वर्गात फिरू लागली, खाकी कव्हरात, वर लेबल ‘भूगोल’.

पण त्या पानाने माझी झोप कधी उडाली नाही. मला जपून द्यावंसं वाटतं ते दुसऱ्या कारणाने. पुस्तकाचे दोन भाग आहेत, ‘आधी’ आणि ‘नंतर’, आणि प्रकरणांना दिवसांची मोजणी आहे: एकशे छत्तीस दिवस आधीपासून एकशे छत्तीस दिवस नंतरपर्यंत. मध्ये अलास्का एका रात्री गाडी घेऊन निघते आणि मरते. अपघात की मुद्दाम, हे कुणालाच कळत नाही, वाचकालाही नाही. उरलेलं पुस्तक म्हणजे मित्र ते शोधत राहतात आणि ‘आपण तिला थांबवलं का नाही’ हे उगाळत राहतात. ज्या मुलाने मित्र किंवा भावंड असं अचानक गमावलंय, त्याला मी हे स्वतः होऊन देत नाही. त्याने मागितलं तर आधी शेजारी बसून बोलते. आजीचं आजारपणातलं जाणं वेगळं. तरी तुमच्या लेकीला हे अकरावीला भेटलं तर जास्त मिळेल, असं मला वाटतं. मैत्रिणीकडून आत्ताच मिळालं तर हिसकावून घेऊ नका, तुम्हीही वाचा.

‘पेपर टाउन्स’ बिनधास्त द्या. रात्रभराची धमाल आहे, मग गायब झालेली मुलगी, मग गाडीतून लांबचा प्रवास. यातली मला आवडणारी गोष्ट खरीखुरी आहे. १९३०च्या दशकात न्यूयॉर्क राज्याचा नकाशा काढणाऱ्या कंपनीतल्या दोघांनी आपली आद्याक्षरं उलटसुलट करून ‘अॅग्लो’ नावाचं खोटं गाव नकाशात टाकलं. आपला नकाशा कुणी चोरला तर पकडता यावं म्हणून. पुढे दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर ते गाव दिसलं, यांनी चोरी पकडली, तर ते म्हणाले, गाव आहे की! कुणीतरी नकाशात नाव बघून तिथे त्याच नावाचं दुकान टाकलं होतं. आठवीतल्या मुलांना एवढं सांगितलं की पुस्तक माझ्या हातात राहत नाही.

‘अॅन अबंडन्स ऑफ कॅथरिन्स’ त्याचं सगळ्यात दुर्लक्षित पुस्तक, आणि आपल्याकडच्या मुलांना सगळ्यात जवळचं. कॉलिन लहानपणी ‘अचाट हुशार’ म्हणून गाजलेला. आता शाळा संपली, कॅथरिन नावाच्या एकोणिसाव्या मुलीने त्याला सोडलं, आणि त्याला कळून चुकलंय की लवकर शिकणं वेगळं आणि काही नवं करून दाखवणं वेगळं. मग तो प्रेमभंगाचं गणिती सूत्र मांडायला बसतो. त्याचा मित्र हसन त्याला जमिनीवर ठेवतो. पुस्तकभर तळटीपा आहेत आणि शेवटी एका खऱ्या गणितज्ञाने, डॅनिएल बिसने, सूत्र समजावून देणारं परिशिष्ट लिहिलंय. दहावीच्या निकालानंतर ‘ब्याण्णवच टक्के’ म्हणून तोंड पाडून येणाऱ्या मुलांना मी हे देते. तळटीपांची चीड असलेली मुलं मात्र दहाव्या पानावर परत आणून देतात. ‘विल ग्रेसन, विल ग्रेसन’ त्याने डेव्हिड लेव्हिथनबरोबर आळीपाळीने प्रकरणं लिहून केलंय, एकाच नावाची दोन मुलं, त्यातला एक समलिंगी. नववी-दहावीला चालतं.

राहिलं ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’, २०१७चं. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं, आणि सर्वांत जपून द्यायचं. एझा सोळा वर्षांची, तिला विचारांचा आणि कृतींचा अनिवार्य चाळा, म्हणजे ज्याला मुलं सर्रास ‘ओसीडी’ म्हणतात आणि ज्याचा अर्थ त्यांच्या लेखी टेबल नीट लावणं इतकाच असतो. एझा अंगठ्याच्या नखाने बोटाच्या टोकावरची जुनी जखम पुन्हा पुन्हा उघडते, जंतू गेले का बघते, बँडेज बदलते, परत तेच. एका प्रसंगात ती हात धुवायचं सॅनिटायझर पिते. ग्रीनला स्वतःला हा आजार आहे. त्यामुळे बाहेरून पाहिल्यासारखं यात काही नाही. वाक्यं स्वतःभोवती फिरत आत आत जातात आणि वाचणाऱ्यालाही श्वास घ्यायला जागा उरत नाही. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर एक दगडी कासव असतं. इथे, पुस्तकाच्या नावातच आहे तसं, कासवाखाली कासव, त्याखाली कासव, तळच नाही.

गटात या पुस्तकावर बोलायला बसलो की मुलं आजारावर फार बोलत नाहीत. बोलतात डेझीवर. डेझी ही एझाची जिवलग मैत्रीण, ऑनलाइन कथा लिहिणारी. तिने आपल्या कथांमध्ये एक वैतागवाणं पात्र घातलंय ते हुबेहूब एझा, आणि एझाने त्या कथा कधी वाचलेल्याच नाहीत. ‘यात चूक कुणाची’ यावर एकदा अडीच तास भांडण झालं होतं.

सतत हात धुणारं, एकच गोष्ट दहादा तपासणारं मूल असेल तर हे पुस्तक देताना मी दोन वाक्यं बोलते: वाचताना जड गेलं तर मधे ठेव, आणि कुणाशी बोलशील ते आत्ता ठरव. काहींना ते वाचून ‘मी एकटी नाही’ असं वाटतं, काहींचा त्रास चाळवतो. आधी सांगता येत नाही. तशी शंका असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पुस्तक काही उपचार नव्हे. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६वर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

ग्रीनमध्ये काहीच खोट नाही असंही नाही. त्याची सगळी पोरं ग्रीनसारखीच बोलतात: अवतरणं, तत्त्वज्ञान, हजरजबाबी टोमणे. गटातला एक मुलगा म्हणाला होता, “हे सगळे एकाच क्लासला जातात का?” खरंय ते. सुरुवातीच्या पुस्तकांतल्या मुली या मुलांच्या डोळ्यांतूनच दिसतात, हाही आक्षेप रास्त आहे; ‘पेपर टाउन्स’मध्ये तो स्वतःच त्याच्याशी भांडताना दिसतो.

इंग्रजी जड जाईल का, असंही तुम्ही विचारलंय. वाक्यं सोपी आहेत, संदर्भ अडतात. तिला ‘फॉल्ट’चं नाव कुठून आलं ते मात्र आधी सांगा. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये कॅसिअस ब्रूटसला म्हणतो, दोष आपल्या ग्रहताऱ्यांचा नाही, आपला आहे. ग्रीनने ते उलटं केलंय: काही वेळा दोष खरोखरच ग्रहताऱ्यांचा असतो, सोळाव्या वर्षी कॅन्सर झालेल्या पोरीने स्वतःत काय शोधायचं?

तुम्हाला स्वतःला वाचायचं असेल तर २०२५चं ‘एव्हरीथिंग इज ट्युबरक्युलोसिस’ घ्या. ते कादंबरी नाही. सिएरा लिओनमधल्या हेन्री नावाच्या क्षयरोगी मुलाभोवती ते फिरतं. जगातले साधारण चौथा हिस्सा क्षयरोगी भारतात आहेत, त्यामुळे आपल्याला ते लांबचं वाटत नाही. त्यात ज्या बेडाक्विलीन औषधाची कथा आहे, त्याच्या पेटंटची मुदत वाढवायचा अर्ज आपल्या पेटंट कार्यालयाने मार्च २०२३मध्ये फेटाळला. त्या अर्जाविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोघींपैकी एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, क्षयाच्या औषधांनीच जिची श्रवणशक्ती गेली होती.

तर क्रम असा: आत्ता ‘फॉल्ट’, सुट्टीत ‘पेपर टाउन्स’, दहावीनंतर ‘कॅथरिन्स’, ‘अलास्का’ आणि ‘टर्टल्स’ त्यापुढे. ‘फॉल्ट’ तुम्हीही वाचा, तिच्या एक दिवस मागे, त्याच प्रतीत, खूण वेगळ्या रंगाची ठेवून. आणि ‘काय शिकलीस?’ असं विचारू नका. तुम्हाला फिलिपचं हसू आलं का, तेवढं सांगा.

प्रत मात्र दुकानातून घ्या, सिग्नलवरची नको. पैशाचा प्रश्न आहेच, पण त्यापेक्षा वेगळं कारण आहे. हेझलच्या लाडक्या कादंबरीचा शेवट अर्ध्या वाक्यात तुटतो, कारण सांगणारी मुलगीच एकतर मेली किंवा लिहिण्यापलीकडे गेली. पुढे काय झालं ते विचारायला तर ती दोघं अॅमस्टरडॅमला जातात. माझ्या गटातल्या एका मुलीने सिग्नलवर दीडशे रुपयांना ‘फॉल्ट’ घेतलं, ते नकली, आणि त्यात शेवटचा सोळा पानांचा फॉर्माच बांधलेला नव्हता. तिचं पुस्तकही अर्ध्या वाक्यात संपलं. ऑगस्टसचं पत्र, शेवट, काहीच नाही. तिला वाटलं, लेखकाने मुद्दाम केलंय, आणि शनिवारी तिने त्यावर पंधरा मिनिटं इतकं सुंदर भाषण केलं की बाकीची मुलं गप्प बसली. मग एकाने आपली प्रत उघडून उरलेली पानं तिच्यासमोर धरली. तिने ती तिथेच उभ्या उभ्या वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “माझाच शेवट बरा होता.”